बरा झालेला माणूस

लंडन
१६ जानेवारी १८९८

प्रिय बाबा,

शुक्रवारी वर्गात एका मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. "बाई, तुमचे वडील त्या गोळ्यांनी खरंच बरे झाले का?"

धडा चालला होता हवेचा. मध्येच व्हायोला पिम उभी राहिली. तिच्या हातात तळलेल्या माशांचा तेलकट कागद होता. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी मासे आले, ते गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात तिला माझं आडनाव दिसलं म्हणून तिनं तो कागद घडी करून आणला होता. तिनं खणखणीत वाचून दाखवलं:

"मी एनॉक बॅग्नल, बर्स्लेम गावच्या हार्टशॉर्न भांडी कारखान्यातला कामगार. पोटातल्या कळांनी मी मरणाच्या दारात पडलो होतो. डॉक्टर मेरिडेल यांच्या संजीवन गोळ्यांनी मी माझ्या पायांवर चॅपलला चालत गेलो. ज्याला शंका असेल त्याने मला क्रॉस लेनच्या पत्त्यावर लिहावे."

शेजारी तुमचं चित्र. बाबा, त्या माणसाला छातीपर्यंत दाढी आहे! तुम्हाला कधी मिश्यासुद्धा नव्हत्या. गेल्या वर्षी हाच चेहरा मी एका जहाजाच्या कप्तानाच्या नावानं पाहिला होता. तेव्हा त्याला संधिवात होता.

मुली खिदळल्या. व्हायोला हसली नाही. म्हणाली, "आईनं विचारायला सांगितलंय. तिलाही कळा येतात. टपालानं मागवायच्या म्हणते."

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

"पण बाई, वडील तुमचेच ना? तुम्ही घरात होतात ना?"

होते. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही चुलीपुढे गुडघे छातीशी घेऊन पडलेले, आत्या फडक्यात गुंडाळून तापलेली वीट आणतेय, हे मला आठवतं. मग तुम्ही उठलात, तेही आठवतं. कशानं उठलात, ते मात्र मला माहीत नाही. "ठाऊक नाही" असं न लाजता म्हणायला मला कॉलेजानं शिकवलं, पण ते तुमच्याबद्दल म्हणावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तुम्हीच सांगा.

हातमोजे पाठवतेय. पॅकिंगच्या शेडमध्ये भांडी बांधायच्या गवतात हात उबदार राहत असतील, तरी सकाळी जाताना घाला. आत्याला माझी आठवण सांगा.

तुमची
लोइस

*

बर्स्लेम
२३ जानेवारी

लोइस पोरी,

आधी हस्ताक्षराचं सांगतो, म्हणजे घाबरणार नाहीस. बोलतोय मी, लिहितेय केझिया. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं, आणि तू आता बी.एस्सी. तुझ्या टेबलावर माझा कागद पडलेला तिथल्या कुणा बाईनं पाहिला तर काय म्हणेल? तुझी आत्या दिवसभर कपांवर 'प्रिय आईस' नि 'समुद्रकाठची आठवण' रंगवत बसते. तिला हात चालवायची सवय आहे.

(फुकटात चालवायची नाही. – केझिया)

आता त्या पोरीचं. तिला सांग, होय. एनॉक बॅग्नल सांगतो, होय. मी पडलो होतो, गोळ्या घेतल्या, उठलो. यात ठाऊक नसण्यासारखं काय आहे? दाढी छापखान्यानं लावली, शब्द माझे आहेत. आपल्या गल्लीतल्या कोणत्या माणसाचे शब्द आजवर छापून आले होते? भांड्यावर मालकाचा शिक्का असतो, ते झिलईत बुडवणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. माझं मात्र सगळ्या देशात गेलं.

आणि प्रत्येक डबीवर सरकारी तिकीट चिकटवलेलं असतं, पाहिलंस ना? राणीचं सरकार काय वाटेल त्याच्यावर तिकीट लावील?

लोक मला अजून लिहितात. कॉर्नवॉलचे कोळी, स्कॉटलंडातला एक पाद्री, डर्बीची एक विधवा. सगळी पत्रं मी भांड्यांच्या टोपलीत गवत घालून ठेवली आहेत. एकाचंही उत्तर चुकवलेलं नाही. ज्यानं साक्ष दिली, त्यानं विचारणाऱ्यासाठी दार उघडायला हवं.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्यापासून राखून ठेवली होती. गेल्या ऑगस्टपासून मी गवतात नाही. परत झिलईघरात आहे, शिशाच्या झिलईच्या जुन्या हौदावर! हौदावर माझ्या जागी असलेला क्लाउज गेल्यावर मालक स्वतः शेडमध्ये आले. म्हणाले, "बॅग्नल, तुझ्यासारखी बुडवणी कुणाची नाही. आणि शिशाच्या कळांतून तू उठलास, तुझ्यावर शिसं चालत नाही, हे तर पेपरात छापलंय." झिलईघराच्या दारावर माझं ते कात्रण चिकटवलंय. माझ्या हाताखाली पॉली हल्म म्हणून पोरगी आहे, भांडी उचलून फळीवर मांडते. ती घाबरायची, आता माझं ऐकून गोळ्या घेते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. मेरिडेल कंपनीला मी तुझ्या पदवीचं कळवलं होतं. त्यांना नवी जाहिरात काढायची आहे. माझ्या साक्षीखाली एकच ओळ: 'हे सत्य आहे. कुमारी लोइस बॅग्नल, बी.एस्सी.' बापाचं नाव वर, लेकीचं खाली, लंडनच्या पेपरात! सही करून पाठव. मी वाट पाहतोय.

तुझा बाप
एनॉक

*

लंडन
६ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

आत्याचं अक्षर इतकं सुंदर आहे की माझ्या खोलीतल्या सोबतिणीला वाटलं, मला आमंत्रण आलंय. पण माझ्यासाठी असा थाट करू नका. मला चिखलातली कोंबडीच हवी. माझ्या पदवीचा तुम्हाला संकोच वाटायला लागला, तर ती घेऊन मी काय करू?

झिलईघराचं वाचून मात्र माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही हे सहा महिने लपवलंत. शिसं कुणावर चालतं आणि कुणावर नाही, हे पेपर ठरवत नाही, बाबा.

तिकिटाबद्दल सांगते. ते कराचं तिकीट आहे. औषध विकणाऱ्यानं सरकारला कर भरला, एवढंच ते सांगतं. कुत्र्याच्या परवान्यावरही सरकारची मोहोर असते, म्हणून कुत्रा चावणार नाही असं काही सरकार म्हणत नाही.

मी त्या डॉक्टरांना भेटायलाही गेले. ऑफिस स्ट्रँड रस्त्याच्या मागच्या गल्लीत आहे. दारावर मोठी पितळी पाटी, 'टपालाने सल्ला मोफत'. आत लांब टेबलं, आणि टेबलांवर माझ्याच वयाच्या मुली पाकिटं फोडत बसलेल्या.

मी म्हटलं, "मला डॉक्टर मेरिडेलना भेटायचंय."

काउंटरवरची बाई म्हणाली, "डॉक्टर भेटत नाहीत. लिहा."

"मी इथवर आलेय."

"मग इथंच बसून लिहा."

"तुम्हाला तरी भेटतात का?"

ती आजूबाजूला पाहून हळूच म्हणाली, "बाई, नऊ वर्षं इथं आहे मी. त्यांची टोपीसुद्धा पाहिलेली नाही."

एक डबी घेऊन आले आणि शाळेच्या प्रयोगशाळेत गोळी फोडून तपासली. मला सापडलं ते इतकं: कोरफड, साबण, थोडी सुंठीची पूड. विष नाही. पोट साफ होईल, त्यानं कळ जरा हलकीही होत असेल. पण शिशाला अंगाबाहेर काढील असं मला त्यात काही दिसलं नाही.

म्हणून मी सही करत नाही. अजून तरी नाही. मला एक सांगा, नीट आठवून सांगा. झिलईघर सोडून गवताच्या शेडमध्ये तुम्ही कधी गेलात? गोळ्यांच्या आधी, की नंतर?

तुमची
लोइस

*

बर्स्लेम
१३ फेब्रुवारी

लोइस,

तू कॉलेजात हवा, पाणी, दगड सगळं तपासायला शिकलीस. आता बाप तपासतेस.

तुझ्या पदवीच्या समारंभाला मी लंडनला आलो होतो. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहिलो. एवढ्या मोठ्या सभागृहात दुसरं कोणी उभं नव्हतं. मागचा माणूस म्हणाला, "अहो, बसा खाली." मी म्हटलं, "तुम्ही बसा, तुमची कुठं आहे ती!" त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही की ती बी.एस्सी. कशानं झाली, अभ्यासानं की नशिबानं. झाली, म्हणून उभा राहिलो.

आता हिशेब सरळ आहे. मी आजारी होतो? होतो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. बरा झालो? झालो. तुझं विज्ञान याच्यामध्ये कुठं बसतं, ते मला दाखव.

चॅपलमध्ये उभं राहून साक्ष देणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. त्याचा शब्द हाच पुरावा. माझ्याजवळ दुसरं काही नाही, पोरी. घर भाड्याचं, हौद मालकाचा. शब्द तेवढा माझा. त्याच्याखाली तुला सही करायची नसेल तर नको करूस.

हातमोजे पोचले. छान आहेत. अजून घातले नाहीत.

एनॉक

*

बर्स्लेम
१७ फेब्रुवारी

लोइस,

हे पत्र मी माझ्या डोक्यानं लिहितेय. तुझा बाप चॅपलच्या सभेला गेलाय.

हातमोजे त्यानं घातले नाहीत, कारण त्याला घालता येत नाहीत. नाताळच्या आधीपासून त्याची मनगटं गळालीत. हात पुढं केला की पंजा खाली लोंबतो, भिजलेल्या कणसासारखा. बुटाच्या नाड्या मी बांधते, भाकरीवर लोणी मी लावते. कारखान्यात दोन्ही मनगटांच्या मध्ये कप दाबून कसाबसा बुडवतो आणि मुकादम दुसरीकडे बघतो. चॅपलमध्ये भजनाचं पुस्तक धरायला नको म्हणून हात मांडीखाली घालून बसतो. शेजारची मिसेस टॉफ्ट म्हणाली, "एनॉक आजकाल फार नम्र झालाय." त्या दिवशी घरी येऊन मी खूप हसले, आणि मग रडले.

अक्षराबद्दल तुला सांगितलं ती थाप होती. पेन धरता येत नाही म्हणून मी लिहिते.

डॉक्टरकडं जा म्हटलं तर म्हणतो, "सबंध देशानं वाचलेला बरा झालेला माणूस डॉक्टरच्या दारात उभा राहिला तर गल्ली काय म्हणेल?" त्यापेक्षा त्यानं मेरिडेलला टपालानं विचारलं. त्यांचं छापील उत्तर आलं: मात्रा दुप्पट करा. केली. आता तोंडातसुद्धा गोळी मीच घालते.

तू विचारलंस ते त्यानं मला लिहू दिलं नाही. मी सांगते. ज्या आठवड्यात त्यानं पहिली डबी फोडली, त्याच आठवड्यात त्याला गवताच्या शेडमध्ये हलवलं. हौदाशी उभं राहवत नव्हतं म्हणून. मला पक्कं आठवतं, कारण जेवणाचा डबा घेऊन मी झिलईघराच्या दारात गेले आणि क्लाउज म्हणाला, "चुकीच्या दारात आलीस, तुझा भाऊ आता गवत खातो." तेव्हापासून बारा वर्षं तो धडधाकट होता. आम्ही दोघांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्याच नाहीत.

आणि पॉली. मंगळवारी झिलईघरातच तिला झटका आला. शुद्धीवर आली, पण डोळ्यांना दिसेना. एकोणीस वर्षांची आहे.  तेव्हापासून दोन दिवस तुझा बाप जेवलेला नाही.

तुझ्या पुस्तकात यावर काही असलं तर त्याला लिही. पण हुशारी दाखवायला लिहू नकोस. तो मोडेल.

केझिया आत्या

*

लंडन
२० फेब्रुवारी

प्रिय बाबा,

आत्यानं मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावू नका. रागावलात तर नाड्या कोण बांधील?

मला एक गोष्ट सगळ्यात आधी लिहायची आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही मरणाच्या दारात होतात हे खरं, चालत चॅपलला गेलात हेही खरं. तुमच्या साक्षीतला एकही शब्द बनावट नाही. मुलीला सांगता येणार नाही असं काहीही तुम्ही कधी केलेलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण त्या आठवड्यात तुमच्या आयुष्यात दोन गोष्टी बदलल्या. एक डबीतून आली, दुसरी मुकादमाच्या तोंडून. तुम्ही डबीकडे पाहिलंत, कारण डबीवर नाव होतं, पत्ता होता, तिकीट होतं. 'उद्यापासून गवतात जा' या शब्दांवर कुणाचं तिकीट नव्हतं. कोणीही तेच केलं असतं. कॉलेजात आम्हाला हे शिकवायला एक अख्खं वर्ष लागतं, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कशानं झालं ते कळत नाही. तुम्हाला ते कोण शिकवणार होतं?

आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुम्ही कप उजेडात धरून त्यातला केसाएवढा तडा पाहू शकता, ते डोळे वापरा. दाढीचा आरसा खिडकीशी न्या आणि ओठ बाजूला करून हिरड्या पाहा. दातांच्या कडेनं निळसर काळी रेघ असेल, तर ती शिशाची आहे. ती नसेल, तर मला मूर्ख म्हणा आणि मी तुमच्या त्या जाहिरातीवर सही करीन. हा माझा शब्द.

असली, तर बाबा, आजच्या आज झिलईघर सोडा. शिसं अंगात जायचं थांबलं की मनगटं हळूहळू परत येऊ शकतात. येतीलच असं मी म्हणत नाही, कारण ते मला ठाऊक नाही. पण एकदा तुम्ही उठला आहात.

साक्षीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. खरं आहे, साक्षीदाराला पुरावा मागू नये. पण ज्या साक्षीदाराला नंतर उजेडात नीट दिसलं, तो काय करतो? हे तुम्ही मला विचारायचं नाही, मी तुम्हाला विचारतेय. चॅपलमध्ये मी तुमच्या मांडीवर बसून वाढलेय.

तुमची
लोइस

*

बर्स्लेम
२७ मार्च

लोइस पोरी,

महिनाभर उत्तर नाही म्हणून तू आत्याला तार केलीस. तारेनं सगळ्या गल्लीला वाटलं की कोणी मेलं. मी मेलेलो नाही. मला काही गोष्टी उरकायच्या होत्या, आणि उरकल्याशिवाय सांगायची मला सवय नाही.

रेघ आहे. आरसा केझियानं धरला होता.  ती म्हणाली, "कोबाल्टचा निळा रंग आहे, कपाच्या तळाच्या पट्टीला शोभला असता." अशी आहे तुझी आत्या.

तिथून मी पॉलीकडे गेलो. ती डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडली होती. माझी पावलं तिनं ओळखली. म्हणाली, "एनॉककाका, आलात? तुम्हाला विचारायला थांबले होते. आणखी दोन गोळ्या घेऊ का?" माझे हात माझ्या मांडीवर पडलेले होते, लोइस. तिच्या नाकासमोर. आणि तिला ते दिसत नव्हते. मी म्हटलं, "नाही पोरी. आता एकही नाही. मी चुकलो." आयुष्यात हे दोन शब्द मी त्याआधी कधी बोललो होतो ते आठवत नाही.

मग गावच्या डॉक्टर शॉकडे. केझिया म्हणाली, मागच्या बोळातून जाऊ. मी म्हटलं, साक्ष मागच्या बोळातून दिली नव्हती. शनिवारी दुपारी, कारखाना सुटायच्या वेळेला, चॅपलसमोरून, डोक्यावर रविवारची टोपी घालून गेलो. सगळे दारात. जोसाया टॉफ्टनं विचारलंच, "एनॉक, कुणाला बघायला चाललास?"

"स्वतःला," मी म्हटलं.

"अरे पण तू तर बरा झालेला!"

"झालो होतो. आता हे बघ," म्हणून मी हात पुढं केले. पंजे लोंबले.  मग टॉफ्टनंच पुढं होऊन डॉक्टरचं दार ठोठावलं, कारण मला ठोठावता येत नव्हतं.

शॉनं सरकारी कारखाना तपासनिसाला कळवलं, झिलईघर सुटलं. आता मी कारखान्याच्या फाटकावर बसतो, आलेल्या गाड्यांना थांबा नि जा म्हणतो. त्याला मनगट लागत नाही. पॉलीच्या एका डोळ्यात उजेड यायला लागलाय. खिडकी कुठं आहे ते सांगते.

आता तुझा प्रश्न. ज्याला नंतर नीट दिसलं त्यानं काय करायचं? उठून पुन्हा सांगायचं. तेवढ्याच मोठ्यानं. टोपलीतल्या सगळ्या पत्रांना मी नवीन उत्तरं पाठवतोय. केझियाचा हात दुखतो म्हणून निम्मी तुझ्याकडे पाठवतो, तू लिही. पेपरवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "मेरिडेलच्या जाहिरातींची अर्धी पानं आमच्याकडे येतात, बाबा. गोळ्यांनी मेलास तरी मी छापणार नाही."

तेव्हा केझियाला सुचलं. कागद फाटतो, भाजलेलं अक्षर पुसत नाही. तिनं बशीएवढी नव्हे, चांगली ताटाएवढी पाटी घेतली, एकदाच भाजलेली, अजून बिनझिलईची, आणि निळ्या रंगानं लिहिलं. शब्द माझे:

"मी एनॉक बॅग्नल, झिलईवाला. तेरा वर्षांमागे मी छापून सांगितलं की गोळ्यांनी बरा झालो. बरा झालो हे खरं होतं. मला बरं केलं ते झिलईघर सोडल्यानं. परत गेलो, परत पडलो. गोळ्या शिशाला अडवत नाहीत. ज्याला शंका असेल त्याने आत येऊन माझे हात पाहावेत."

आपल्या दाराशेजारी लावणार. झिलईघरात जाणारा प्रत्येक माणूस या गल्लीतून जातो. पाटीला झिलई शिशाची देणार नाही. पलीकडच्या कारखान्यात बिनशिशाच्या झिलईचा एक हौद प्रयोगाला काढलाय, तिथल्या मुकादमानं केझियाला एक बुडवणी करू देतो म्हटलंय. तिला बुडवता कुठं येतं! घरी बादलीत पिठाचं पाणी करून मी तिला शिकवतोय. "मनगट असं वळव," म्हणतो, आणि दाखवता येत नाही. ती म्हणते, "तोंडानं वळव तू." काल तिनं एक ताट असं बुडवलं की कडेला एक थेंब नाही. माझी शेवटची बुडवणी आहे ही, बहिणीच्या हातांनी.

एक बजावून सांगतो. या पाटीवर तुझं नाव नको. केझियाचा तोच हट्ट चाललाय. चुकलेल्या साक्षीखाली माझं नाव पुरेसं आहे. तुझी पदवी फार कष्टाची आहे, ती माझ्या चुकीला चिकटवू नकोस. कंपनी काही बोलली, तुझ्या शाळेनं ऐकलं, तर? नको. बापाचं ऐक.

तुझा
एनॉक

*

लंडन
३ मे

प्रिय बाबा,

तुमच्या पत्राला उशिरा उत्तर देतेय. मुद्दाम उशीर केलाय.

तुमच्या पत्रांतली माझ्या वाट्याची निम्मी लिहून संपवली. डर्बीच्या विधवेचं उत्तरही आलं. ती लिहिते, "पहिल्या पत्रावर मी जितका विश्वास ठेवला, त्याहून या दुसऱ्यावर जास्त आहे." ते सोबत ठेवलंय. आत्याला मोठ्यानं वाचायला सांगा, दार उघडं ठेवून.

वर्गात मी व्हायोला पिमला उत्तर दिलं. सगळ्यांसमोर, कारण प्रश्न सगळ्यांसमोर होता. म्हटलं, "नाही, गोळ्यांनी नाही. आणि हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं." तिनं विचारलं, "बाई, त्यांना वाईट वाटलं का?" मी तुमच्या, शनिवारी घातलेल्या त्या रविवारच्या टोपीची गोष्ट सांगितली. मग तिनं तिच्या आईला काय काम असतं ते सांगितलं. ती घरी कृत्रिम फुलं रंगवते. रंगाची पुडी मी तपासायला मागवली आहे.

मुख्याध्यापिकांनाही मी स्वतःच जाऊन सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. त्या म्हणाल्या, "मिस बॅग्नल, नाव, पदवी आणि रस्त्यावरची पाटी ही तिन्ही एकत्र शोभत नाहीत." मी म्हटलं, "नाव वडिलांचं आहे, पदवी मी मिळवलीय, आणि त्या रस्त्यावर मी लहानाची मोठी झाले." त्या म्हणाल्या, उन्हाळ्यानंतर बोलू. बघू.

यावरून तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही नको म्हणालात ते पत्र आलं त्याच संध्याकाळी मी एका कागदावर सही केली, सुईनं तिच्या रेघेवर भोकं पाडली आणि कागद आत्याला पाठवला. तिनं तो पाटीवर धरून कोळशाची पूड झटकली, आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रंग फिरवला. मग पाटी हौदात गेली. आत्या लिहिते की तुम्ही त्या कारखान्याच्या कुंपणापाशी उभं राहून ती पाहिलीत, कडेला थेंब नाही म्हणून पहिल्यांदा तिची तारीफ केलीत. तेव्हा पाटी पांढरीशुभ्र होती. ओल्या झिलईखाली अक्षर दिसत नाही, भट्टीत ती काचेसारखी झाली की दिसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

तुम्हाला जानेवारीत हवं होतं, बापाचं नाव वर आणि लेकीचं खाली. तेव्हा मला ते देता आलं नाही. आता त्या साक्षीत माझ्या सहीला जागा आहे. तुमच्या नावाखाली लिहिलंय: 'हे सत्य आहे. लोइस बॅग्नल, बी.एस्सी.'

भट्टी काल पेटली.